भाड्याची गाडी आणि शहराचा परवाना

आपल्या मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी अंकासाठी काही लिहावे, अशी संपादक मंडळाने सूचना केली, तेव्हा विषय कोणता घ्यावा याचा आम्हांस बराच विचार पडला. गणेशोत्सव, नाट्यप्रयोग, ग्रंथालय, महिलांचे हळदीकुंकू यांविषयी अधिकारी मंडळी लिहितीलच. आम्ही मात्र अशा एका गोष्टीकडे वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो, की जिच्यावाचून आपल्यापैकी बहुतेकांचे या शहरात येणेच झाले नसते. आणि ती म्हणजे भाड्याची गाडी.

नागपूरमार्गे येणारी मेल हावडा स्थानकात थांबावी, हमालाने वळकटी आणि ट्रंक बाहेर आणून ठेवावी, आणि समोर पिवळ्या टॅक्सींची रांग दिसावी, हे आपल्यापैकी पुष्कळांचे या महानगराचे पहिले दर्शन होय. भाषा येत नाही, रस्ते ठाऊक नाहीत, बरोबर बायकामुले आहेत, आणि तरीही आपण एका सर्वस्वी अनोळखी माणसाच्या गाडीत निमूटपणे बसलो. घरून निघताना वडीलधाऱ्यांनी एकच गोष्ट बजावलेली असे: "बसण्याआधी गाडीचा नंबर टिपून घे." तो नंबर आम्ही पोस्टकार्डाच्या कोपऱ्यात टिपला, घरी सुखरूप पोचलो आणि विसरून गेलो. परंतु त्या चार आकड्यांच्या पाठीशी काही शतकांचा इतिहास उभा आहे, हे तेव्हा आम्हांस ठाऊक नव्हते. अनोळखी माणसावर विश्वास ठेवता यावा, म्हणून शहराने केलेली ती तजवीज होती. तिची हकिकत सांगणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

लंडनची वहिवाट

भाड्याच्या वाहनांवर सरकारी हुकमत असावी ही कल्पना आपल्याकडे आली ती इंग्रजांबरोबर. लंडन शहरात सतराव्या शतकात भाड्याच्या घोडागाड्या इतक्या वाढल्या, की रस्ते अडू लागले. १६५४ साली वटहुकूम निघून असा धंदा करणाऱ्यांची संख्या २०० वर बांधण्यात आली. १६६२ मध्ये ४०० परवाने देण्याचे ठरले व प्रत्येक परवान्यास वर्षाला ५ पौंड आकारण्यात येऊ लागले. १६९४ मध्ये ही संख्या ७०० झाली. पुढे १८३१ च्या कायद्याने संख्येची मर्यादा काढून टाकली आणि १८५० पासून या गाड्यांची देखरेख तेथील पोलिसांकडे गेली. मग अटींचा रोख बदलला. गाडी किती असाव्यात यापेक्षा ती कशी असावी आणि ती हाकणारा कसा असावा, हे पाहिले जाऊ लागले. शहराच्या मध्यापासून सहा मैलांच्या परिघातील रस्ते तोंडपाठ असल्याशिवाय चालकाला बिल्ला मिळत नसे, आणि ती कठीण परीक्षा 'नॉलेज' या नावाने आजही प्रसिद्ध आहे. १९०६ साली मोटार टॅक्सीच्या बांधणीविषयी नियम झाले. त्यांत गाडी २५ फुटांच्या वर्तुळात वळली पाहिजे अशीही एक अट होती. १९०७ मध्ये भाडे मोजणारे मीटर सक्तीचे झाले.

येथे वाचकांनी एक भेद ध्यानात घ्यावा. परवाना दोन कामे करतो. एक, गाडी आणि माणूस योग्य आहेत याची तो ग्वाही देतो. दुसरे, तो संख्या बांधतो, म्हणजे काहींना दार उघडतो आणि इतरांना बंद करतो. पहिले काम प्रवाशाच्या हिताचे आहे. दुसरे कधी शहराच्या सोयीचे असते, तर कधी केवळ परवानाधारकाच्या फायद्याचे. पुढील सारा इतिहास या दोन कामांतील ओढाताणीचा आहे.

पालखीच्या भोयांचा बिल्ला

आपल्या देशात या ओढाताणीचा पहिला मोठा प्रसंग घडला तो आपण राहतो त्याच शहरात, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. त्या काळी कलकत्त्यात भाड्याचे वाहन म्हणजे पालखी. ती वाहणारे भोई बहुतांशी ओरिसातून आलेले. घरदार मागे ठेवून ते येथे राहत, मिळकतीतला मोठा भाग गावी धाडीत. १८२७ साली येथील अधिकाऱ्यांनी नियम केला, की प्रत्येक भोयाने आपली नोंद करावी, पैसे भरून क्रमांकाचा बिल्ला घ्यावा व तो अंगावर धारण करावा. आणि भाडे तासांच्या ठरीव दराने घ्यावे.

आज आपणांस यात गैर ते काय, असे वाटेल. परंतु भोयांच्या बाजूने पाहिले म्हणजे निराळे दिसते. बिल्ल्याचा खर्च त्यांच्या माथी. तो अंगावर बाळगणे त्यांना मानहानीचे वाटे. आणि वेळेचा हिशेब करण्यासाठी घड्याळ असे ते प्रवाशाच्या खिशात, भोयाजवळ नव्हे. तेव्हा तास किती भरले हे कोणी ठरवायचे? मे महिन्याच्या उन्हाळ्यात भोयांनी पालख्या खाली ठेवल्या आणि मैदानावर सभा भरवून काम बंद केले. कित्येक जण आपल्या गावी निघून गेले. हिंदुस्थानातील श्रमिकांच्या आरंभीच्या संपांत या संपाची गणना होते.

संप फारसा यशस्वी झाला नाही. उत्तरेकडील भोई त्यांच्या जागी आले, आणि साहेबलोक घोडागाड्यांकडे वळले. ब्राउनलो नावाच्या एका इंग्रजाने आपल्या पालखीलाच चाके बसवून पुढे घोडा जुंपला, आणि त्या धर्तीची गाडी 'ब्राउनबेरी' म्हणून बरीच वर्षे येथे चालली. परंतु भोयांनी विचारलेला प्रश्न त्यांच्याबरोबर गेला नाही. मोजण्याचे साधन कोणाच्या हाती असावे? मीटरचे यंत्र निघाले ते याच प्रश्नाचे उत्तर म्हणून. प्रवासी आणि चालक या दोघांनाही ज्याचा आकडा दिसतो आणि दोघांपैकी एकालाही ज्यात हात घालता येत नाही, असे ते साधन. परंतु ते निघावयास एकोणिसाव्या शतकाची अखेर उजाडावी लागली.

मुंबईची व्हिक्टोरिया

आता आपल्या मुंबईकडे वळू. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले, तेथील कापूस इंग्लंडला जाईनासा झाला, आणि मुंबईच्या व्यापाऱ्यांच्या हाती अफाट पैसा खेळू लागला. सर बार्टल फ्रिअर गव्हर्नर असताना किल्ल्याचा तट पाडण्याचे काम सुरू झाले. शहर तटाबाहेर पसरले. अंतरे वाढली तशी भाड्याच्या गाड्यांची गरजही वाढली. गोविंद नारायण माडगांवकर यांचे 'मुंबईचे वर्णन' ज्या १८६३ साली प्रसिद्ध झाले, त्याच वर्षी मुंबई इलाख्यात सार्वजनिक वाहनांचा कायदा झाला. १९२० साली त्याची जागा नव्या कायद्याने घेतली. परंतु चौकट तीच राहिली. मालकाने गाडीसाठी परवाना घ्यावा, गाडीवर क्रमांक लावावा, हाकणाऱ्याने स्वतंत्र परवाना व बिल्ला घ्यावा, आणि भाडे ठरल्या दरानेच घ्यावे.

या चौकटीतील एक गोष्ट महत्त्वाची आहे. येथे मालक एक आणि हाकणारा दुसरा, हे कायद्याने गृहीतच धरले. गाडीचा परवाना मालकाचा, बिल्ला गाडीवानाचा. गाडीवानाने मालकाला रोजचे ठरीव पैसे द्यायचे आणि वर उरेल ते आपले, ही पद्धत घोडागाडीपासून टॅक्सीपर्यंत चालत आली. परवान्याचे मोल वाढले ते मालकाच्या पदरात पडले. ऊन, पाऊस आणि रात्रीची जागरणे बिल्लेवाल्याच्या वाट्याला आली.

१८७४ मध्ये मुंबईत घोड्यांची ट्राम आली, १९०७ मध्ये विजेची आली, १९११ मध्ये मोटार टॅक्सी रस्त्यावर आली, १९२६ मध्ये बस धावू लागली. तरी व्हिक्टोरिया टिकून राहिली, अगदी चौपाटीवरील हौसेच्या फेरफटक्यापुरती का होईना. अखेर जून २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या गाड्या बेकायदा ठरवून वर्षभरात बंद करण्याचा आदेश दिला. घोड्यांचे हाल हे त्याचे कारण होते. जनावर धडधाकट आहे की नाही, ही फार जुनी काळजी. ती नीट घेतली गेली नाही म्हणून ते वाहनच गेले.

मोटार, मीटर आणि परमिट

१९१४ च्या कायद्याने मोटारीची नोंदणी व चालकाचा परवाना या गोष्टी देशभर लागू झाल्या. १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने प्रादेशिक परिवहन प्राधिकरणे आणली आणि भाड्याने चालणाऱ्या प्रत्येक गाडीस 'परमिट' आवश्यक केले. १ जुलै १९८९ पासून त्याची जागा १९८८ च्या कायद्याने घेतली.

टॅक्सी रस्त्यावर आणण्यासाठी मालकाला काय काय करावे लागते, हे प्रवाशाला सहसा ठाऊक नसते, म्हणून थोडक्यात सांगतो. गाडीची नोंदणी खासगी नव्हे, तर परिवहन वाहन म्हणून करावी लागते. तिची पाटी पिवळी व अक्षरे काळी. परमिट घ्यावे लागते, आणि ते विशिष्ट क्षेत्रापुरतेच असते. ज्याला आपण बोलीत 'पासिंग' म्हणतो ते योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. ब्रेक, दिवे, टायर, सुकाणू तपासले जातात, आणि मुदत संपली की गाडी पुन्हा तपासणीस न्यावी लागते. विमा हवा, धुराचे प्रमाणपत्र हवे. मीटरची तपासणी वैधमापन खात्याकडून होऊन त्याला सील लागते. रंग ठरलेला. एवढे झाल्यावर चालकाचा बिल्ला वेगळाच. आपल्या शहरात बेलतळ्याच्या कार्यालयापुढे आणि मुंबईत ताडदेवच्या आर.टी.ओ.पुढे पहाटेपासून लागणाऱ्या रांगा ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना या एकेका कागदाची किंमत सांगावयास नको.

त्या कायद्यातील एक कलम आमच्या मनाला विशेष भिडले. मालक मरण पावला तर गाडीचा ताबा ज्याच्याकडे येतो, त्या वारसाने ३० दिवसांच्या आत कळवल्यास त्याला तीन महिने त्याच परमिटावर गाडी चालवता येते, आणि दरम्यान परमिट आपल्या नावावर करून घेण्यासाठी अर्ज करता येतो. ज्या घराची चूल एका टॅक्सीवर पेटते, तेथे हे तीन महिने म्हणजे काय, हे परमुलखात एकट्याच्या मिळकतीवर संसार केलेल्या आपल्या मंडळींना उमजेल. परंतु ३० दिवसांची ही अट ठाऊक नसेल, तर शोकाच्या दिवसांतच ती मुदत उलटून जाते.

मीटरचीही एक गंमत आहे. मुंबईतील जुन्या यांत्रिक मीटरवर जुनाच दर दिसे. भाडेवाढ झाली की प्रवाशाने कोष्टकाच्या कार्डात पाहून खरे भाडे काढायचे. नव्याने आलेल्या माणसाला हे कार्ड म्हणजे कोडेच वाटे, आणि त्यावरून खटके उडत. २०१२ च्या सुमारास इलेक्ट्रॉनिक मीटर सक्तीचे झाले आणि पाहिलेला आकडा व द्यावयाचा आकडा पुन्हा एक झाला. १ फेब्रुवारी २०२५ रोजी मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचे किमान भाडे २८ वरून ३१ रुपये झाले, ते सरळ मीटरवर दिसू लागले.

दार किती उघडावे?

आता परवान्याच्या दुसऱ्या कामाकडे येऊ. संख्या बांधल्याने काय होते, याचे सर्वांत बोलके उदाहरण न्यूयॉर्कचे आहे. मंदीच्या काळात तेथे टॅक्सी बेसुमार झाल्या, म्हणून १९३७ च्या हास कायद्याने परवाने गोठवण्यात आले. प्रत्येक परवान्यामागे गाडीच्या बॉनेटवर धातूचा एक बिल्ला. त्यांची संख्या ११,७८७ वर येऊन कित्येक दशके तेथेच थांबली. आरंभी या बिल्ल्याचे शुल्क अवघे १० डॉलर होते. बाजारात त्याची किंमत २०१४ च्या सुमारास दहा लाख डॉलरच्या वर गेली. परदेशांतून आलेल्या कष्टाळू चालकांनी जन्माची कमाई व कर्ज घालून ते विकत घेतले. नंतर मोबाइलवरून मागवण्याच्या गाड्या आल्या, किंमत कोसळली, कर्ज तेवढे राहिले. २०१८ मध्ये काही चालकांनी आत्महत्या केल्या. २०२१ मध्ये चालकांनी उपोषण केले, तेव्हा कर्जमाफीची योजना मान्य झाली. योग्यतेची खूण असलेला बिल्ला सट्ट्याचा माल झाला, की शेवटी बुडतो तो ज्याच्या हाती सुकाणू असते तो.

मुंबईतही १९९७ मध्ये नवे परवाने देणे थांबले आणि ही बंदी २०१७ मध्ये उठली. दरम्यानच्या काळात जुने परमिट हाच दुर्मिळ ऐवज झाला.

दाराच्या प्रश्नाला मुंबईत आणखी एक बाजू आहे आणि तिच्याविषयी न लिहिणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. टॅक्सीचालकाला मराठीचे कामापुरते ज्ञान असावे, ही अट महाराष्ट्राच्या १९८९ च्या नियमांत घातलेली होती. जानेवारी २०१० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने नव्या परवान्यांसाठी १५ वर्षांचे वास्तव्य आणि मराठी लिहिता, वाचता, बोलता येणे आवश्यक असल्याचे जाहीर केले; गदारोळ उठला, आणि मराठीखेरीज हिंदी वा गुजराती येत असली तरी चालेल, असा खुलासा मुख्यमंत्र्यांना करावा लागला. २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रिक्षाच्या परवान्यासाठी मराठीची सक्ती करणारे परिपत्रक रद्द ठरवले.

या वादात आम्ही कोणत्या बाजूचे? महाराष्ट्रात राहणाऱ्या मराठी माणसाला हा प्रश्न एका बाजूने दिसतो. आपल्याला तो दोन्ही बाजूंनी दिसतो. मुंबईला गेलो की टॅक्सीवाल्याने मराठीत उत्तर द्यावे, असे आम्हांसही वाटते. आणि तसे झाले की प्रवासाचा शीण निम्मा होतो. परंतु येथे आम्ही परके आहोत. आम्ही बंगाली शिकलो, मुलांना शिकवले. त्याने आमचे काही उणे झाले नाही, उलट मोठा लाभ झाला. तरी पहिल्याच दिवशी कोणी आमच्या भाषेची परीक्षा घेऊन नोकरी नाकारली असती, तर हे मंडळ उभे राहिले नसते. प्रवाशाचे बोलणे समजावे, पत्ता कळावा, ही कामाची गरज आहे आणि शहराने ती मागण्यात वावगे नाही. लंडन तर सारे रस्ते तोंडपाठ मागते. मात्र कामाची गरज कोठे संपते आणि माणूस कोठला आहे याची चौकशी कोठे सुरू होते, ती रेषा परवाना देणाऱ्याने ओलांडू नये, असे आमचे नम्र मत आहे. हावड्याला आम्हांस घरी पोचवणारा चालक बहुधा बिहारचा होता, आणि दादरला उतरल्यावर भेटणारा बहुधा उत्तर प्रदेशचा. तेही आमच्यासारखेच घरापासून दूर होते.

गाडीचे वय

परवान्याच्या अटींनी केवळ माणसेच नव्हे, तर शहरांची रूपेही घडवली. वालचंद हिराचंद यांनी स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली फियाट, आणि १९७४ पासूनचे तिचे नाव पद्मिनी, हीच मुंबईची टॅक्सी झाली. येथे उत्तरपाड्याच्या कारखान्यातील ॲम्बॅसिडरने ती जागा घेतली.

पुढे हवेच्या प्रदूषणाने नवी अट आणली. २८ जुलै १९९८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतील १९९० पूर्वीच्या टॅक्सी व रिक्षांच्या जागी स्वच्छ इंधनावरील गाड्या आणण्याचा आदेश दिला. २००८ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने १५ वर्षांहून जुन्या व्यावसायिक गाड्या हटवण्यास सांगितले. मुंबईत टॅक्सीची वयोमर्यादा २० वर्षे ठरली. शेवटची पद्मिनी टॅक्सी म्हणून नोंदली गेली ती २९ ऑक्टोबर २००३ रोजी, ताडदेवला. त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावर पद्मिनी टॅक्सी उरली नाही. ॲम्बॅसिडरचे उत्पादन मे २०१४ मध्येच थांबले होते. पुष्कळांना हळहळ वाटली, आम्हांसही वाटली. परंतु ज्या मुलांना दम्याचा त्रास आहे, त्यांच्या आईबापांना विचारले तर ते निराळे सांगतील. जुन्या गाडीवर प्रेम करावे. धूर मात्र मोजून घ्यावा.

नंबर टिपून घे

आता गाडी मोबाइलवरून येते. चालकाचे नाव, छायाचित्र आणि गाडीचा क्रमांक आपोआप पडद्यावर उमटतो. पोस्टकार्डाच्या कोपऱ्याची गरज उरली नाही. परंतु पडद्यावर नाव दिसले म्हणजे माणसाची पारख झाली, असे नव्हे. डिसेंबर २०१४ मध्ये दिल्लीत अशाच गाडीच्या चालकाने प्रवासी तरुणीवर अत्याचार केला. त्याची पूर्वीची वागणूक कोणी नीट तपासली नव्हती, हे मागाहून उघड झाले. म्हणून २०१९ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन अशा कंपन्यांनाही परवाना घेणे आवश्यक झाले, आणि २०२० मध्ये चालकांची पडताळणी व प्रशिक्षण यांविषयी मार्गदर्शक सूचना निघाल्या. यंत्र नवे आले, तरी जुनाच प्रश्न पुन्हा दारात उभा राहिला: या माणसाला कोण ओळखते, आणि त्याच्यासाठी जबाबदार कोण?

परवाना म्हणजे सरकारी छळ, रांग आणि चिरीमिरी, अशी आपली समजूत असते, आणि ती निराधार आहे असे आम्ही म्हणणार नाही. परंतु त्याचा मूळ अर्थ निराळा आहे. दूरदेशीहून आलेल्या एका माणसाला शहर म्हणते, तुझी आम्ही पारख केली आहे, तुझी गाडी पाहिली आहे. आणि दूरदेशीहूनच आलेल्या दुसऱ्या माणसाला म्हणते, याच्या गाडीत निर्धास्त बैस. ही ग्वाही जोवर खरी असते, तोवर परवाना हा विश्वास असतो. ती खोटी पडली किंवा विकत मिळू लागली, की त्याच कागदाचे ओझे होते, मग ते १८२७ च्या भोयाच्या खांद्यावर असो की न्यूयॉर्कच्या चालकाच्या.

पन्नास वर्षे आपले मंडळही काही वेगळे करीत आलेले नाही. नव्याने आलेल्या कुटुंबाला येथील कोणीतरी ओळखत होते, कोणीतरी त्याच्यासाठी शब्द टाकला, घर पाहून दिले, शाळेत मुलांची नावे घातली. ती ग्वाही खरी ठरली, म्हणून आज आपण सुवर्णमहोत्सव साजरा करीत आहोत. पुढील पन्नास वर्षांत जे येतील, त्यांच्यासाठीही ती तशीच खरी राहो, हीच सदिच्छा. आणि उत्सवानंतर रात्री उशिरा घरी परतताना, वाचकहो, गाडीचा नंबर तेवढा जरूर टिपून घ्यावा.